आबा मेस्त्री आणि तीन आवाजांचं मशीन

आबा मेस्त्रींना कुठलीही वस्तू दाखवा, तिच्यातून काय काढून टाकता येईल हे ते आधी बघायचे. माझ्या सासऱ्यांनी हौसेने मालवणच्या बाजारातून नवी पेटी आणली तेव्हा शेजारधर्म म्हणून आबा ती बघायला आले. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडे तिचं कोणी दुसरं नाव घेत नाही. आबांनी झाकण उघडलं, वाकून आत बघितलं, दोन बोटांनी चार खुंट्या उपटल्या, खिशात टाकल्या आणि म्हणाले, "आता वाजव." सासरे रडकुंडीला आले. पण पेटी खरंच मोकळी वाजायला लागली. त्या चार खुंट्या मात्र आबांनी कधी परत केल्या नाहीत.

त्यांचं घर आमच्या परसापलीकडे. मी या वाडीत सून म्हणून आले, ग्रामपंचायतीत ऑपरेटरची नोकरी धरली, आणि रोज संध्याकाळी परत येताना आबांच्या पडवीतून एकेक सूर ऐकायची मला सवय झाली. घराणं होड्या बांधणाऱ्यांचं, पण आबांना पाण्याची शिसारी. म्हणून ते पेट्या दुरुस्त करायला लागले. पेटीच्या पोटात पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात, त्यांनाच ते सूर म्हणत. एक सूर काढायचा, ओठांत धरून फुंकायचा, डोळे मिटून ऐकायचा, कानशीने दोनदा घासायचा, पुन्हा फुंकायचा. गिऱ्हाईक खूश होऊन पेटी उचलायला लागलं की हे म्हणायचे, "ठेव. एक सूर मनात बसाक नाय." गिऱ्हाइकाला कुडाळची शेवटची एसटी गाठायची असायची. आबांना त्याचं काही नव्हतं.

कानाच्या बाबतीत हा माणूस छळवादी होता. देवळात कोणीतरी नवस फेडायला घंटा बांधली. ती यांना बेसूर वाटली. त्यानंतर बरीच वर्षं आबा घंटा न वाजवताच देवळात शिरत आणि कोणी विचारलं तर सांगत, "देवाक म्हायत आसा मी इलंय ता."

तर अशा माणसाच्या हातात कॉम्प्युटर पडला. त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला होता. एका रजेत त्याने परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून घरगुती कॉम्प्युटर आणला. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम भरायचा तो टेपरेकॉर्डर लावून, कॅसेटवरून. भाच्याला त्यावर खेळ खेळायचे होते. पण सोबतच्या कॅसेटमध्ये गाणी वाजवणारा एक प्रोग्रॅम निघाला. त्याला आकड्यांची यादी द्यायची. तो यादी वाचत जाणार आणि टीव्हीतून गांधीलमाशीच्या गुणगुणीसारखे सूर निघणार. एका वेळी आवाज तीनच. चौथा दिला तर पहिला गप्प.

भाच्याने एक चाल वाजवून दाखवली. आबा म्हणाले, "गंधार खोटो आसा." भाचा हसला. मशीन आहे, त्यात खोटं कसं असेल, म्हणाला. आबा उठले, पडवीतून एक सूर घेऊन आले आणि ओठांत धरून फुंकत बसले. भाच्याची सगळी रजा त्यातच गेली. हे फुंकणार, तो आकडा एकाने कमी करणार, हे मान हलवणार, तो आकडा एकाने वाढवणार. शेवटी भाचा बोटीवर गेला आणि मशीन आबांकडे राहिलं. मला वाटतं, भाच्याला ते परत न्यायचा धीरच झाला नसावा.

पुढे कित्येक वर्षं त्यांचा तो नाद होता. रेडिओवरचं गाणं, भजनाची चाल, लग्नातला बँड, जे कानावर पडेल ते तीन आवाजांत बसवायचं. मी लग्न होऊन आले तोपर्यंत मशीन माळ्यावर गेलेलं होतं, पण त्याची गजाल ते अजून रंगवून सांगत. "काय ठेवूचा ता कोणय सांगात," ते म्हणायचे. "काय टाकूचा ता सांग. थंय अक्कल लागता." माझ्या स्वयंपाकालाही त्यांनी एकदा हाच न्याय लावला. मी मनावर घेतलं नाही.

आता सप्ताहाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गावच्या देवळात श्रावणात सात दिवस अखंड नाम चालतं. दिवसरात्र गाणं थांबत नाही. प्रत्येक वाडीने तीन तासांचा एक पहारा घ्यायचा. गाणारे, वाजवणारे सगळे त्या वाडीचेच हवेत, उसना माणूस चालत नाही. आमच्या खालच्या वाडीचा पहारा चौथ्या दिवशी दुपारी बारा ते तीन. मध्ये नाम तुटलं, म्हणजे खंड पडला, तर त्याच वाडीने तिथल्या तिथे पहिल्यापासून सगळा पहारा पुन्हा बसून द्यायचा. नाही जमलं तर पहाऱ्याचा मान दुसऱ्या वाडीला जातो, आणि एकदा गेलेला मान परत आल्याचं आमच्या गावात कोणाला आठवत नाही.

आमच्या वाडीत राहिलेत कोण? गाणारे तात्या, त्यांच्यामागे ओढणारे चार म्हातारे, मृदंगावर तात्यांचे भाऊ, आणि पेटीवर आबा. बाकी सगळी वाडी मुंबईत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. आणि अशात आबांना अर्धांगाचा झटका आला.

ओरोसच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. उजवा पाय ओढत चालायचे. जीभ जड झाली होती. र आणि ळ तोंडातून गेलेच होते. मी इथे त्यांचं बोलणं सरळ लिहिते आहे, पण प्रत्यक्षात ते दोनदा ऐकावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते मान खाली घालायचे. ओठांची एक बाजू सैल पडल्यामुळे सूर फुंकता येईना. पडवीतला तो आवाज बंद झाला. मला त्या शांततेचा राग यायचा, हे मी खरं सांगते.

त्या श्रावणात आमचा पहारा पेटीशिवाय झाला. तात्यांना धरायला सूर नाही, तास झाला तशी पट्टी घसरली, मागचे म्हातारे एकीकडे आणि तात्या दुसरीकडे. तीन कसेबसे वाजले. देवळाचे मानकरी दाजी शांतपणे म्हणाले, "ह्या वर्षी झाला. पुढच्या वर्षी बघूक होया." दाजींना आवाज चढवायची गरज पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला हाक मारली. "गो शैला, माळ्यावरसून ता मशीन काढ."

मी म्हटलं, आबा, मोबाईलवर पेटीची साथ मिळते, फुकट. बटण दाबलं की झालं. त्यांनी डावा हात हलवला. "मोबाईल आपल्या नादात पुढे जाता. तात्याक खोकलो इलो तर तो थांबाचो नाय. माझा थांबता."

हीच त्या मशीनची गोम होती. यादीत नव्व्याण्णव हा आकडा आला की प्रोग्रॅम थांबायचा आणि खालची लांब कळ दाबेपर्यंत पुढे सरकायचा नाही. तोवर शेवटचा सूर धरून ठेवायचा. आबांचं म्हणणं असं की प्रत्येक आवर्तनाच्या समेवर नव्व्याण्णव घालायचा आणि डाव्या हाताने कळ दाबत जायचं. तात्यांनी दम घेतला की मशीनही दम घेणार. पेटीवाला दुसरं काय करतो?

मशीन चालू व्हायला तीन महिने गेले. आतल्या सुटलेल्या तारांना डाग देण्याचं काम आबांनी डाव्या हाताने केलं आणि मी टॉर्च धरला. मग खरं काम सुरू झालं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जुन्या पहाऱ्यांचे व्हिडिओ होते, आबांनी दोन्ही हात असताना वाजवलेले. त्यातला आवाज एका ॲपमध्ये घातला की ते त्याचे सूर लिहून द्यायचं. ते सूर त्या जुन्या प्रोग्रॅमला कळतील अशा आकड्यांत बदलून देणारं साधन मला परदेशातल्या हौशी लोकांच्या एका साइटवर सापडलं. जगात अजून असे वेडे आहेत हे कळल्यावर आबांना फार बरं वाटलं.

पण ॲप बिनडोक. त्याने झांजा, घंटा, पंख्याची घरघर, कोणाचं तरी रडणारं पोर, सगळ्यालाच सूर समजून लिहून काढलं. तीन आवाजांच्या जागी दहा-दहा. पंचायतीतून आले की मी आबांच्या पडवीत बसायची आणि ओळीमागून ओळ ते कापायला सांगायचे. "ह्या घंटा. काढ. ह्या तात्याचो खोकलो. काढ." एकदा त्यांच्याच वाजवण्यातली एक जलद तान आली. त्यांनी ती तीनदा लावायला सांगितली. उजव्या हाताची बोटं मांडीवर निपचित होती. मला वाटलं आता यांना भरून येणार. ते म्हणाले, "ह्या माणसान घाई केल्यान. काढ."

आमची भांडणं व्हायची. मला सगळं ठेवावंसं वाटे, त्यांना सगळं टाकावंसं. आकडे जुळवायला सूर फुंकून बघायला लागायचा, आणि तो आता मी फुंकायची. मला ते जमत नव्हतं, थुंकी जायची, आणि ते वैतागून म्हणायचे, "फुंक म्हणतंय, इस्तो पेटव म्हणूक नाय." मी दोनदा उठून घरी गेले. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत आले, कारण आमच्या वाडीचा मान माझाही होता. आणि दुसरं म्हणजे पडवीतून पुन्हा सूर ऐकू यायला लागला होता, जरी तो माझाच असला.

तीन तासांचं वाजवणं त्या मशीनच्या डोक्यात एकदम मावत नव्हतं. तीन भाग करावे लागले, प्रत्येकी एका तासाचा. दर तासाला पुढचा भाग भरायचा, आणि त्याला चार मिनिटं लागायची. तेवढी चार मिनिटं तात्यांनी नुसत्या मृदंग-झांजांवर नाम ओढायचं, असं ठरलं. टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून चिकट झाला होता, म्हणून मी सुचवलं की कॅसेटऐवजी माझ्या फोनमधून वायर लावू. फोनमधून तो किंचाळण्यासारखा आवाज मशीनला ऐकवला की मशीनला कॅसेटच वाटते. आबांना पटेना. "फोन म्हणजे बाजार. कोणय येता." मी म्हटलं, विमान मोडवर टाकते, मग कोणी येत नाही. ते म्हणाले, "सिम काढून ठेव." मी म्हटलं, पंचायतीचे सगळे पासवर्ड त्या सिमवर येतात, काढलं आणि हरवलं तर मलाच निस्तरावं लागेल. त्यांनी वायर माझ्या हातात दिली. माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखी दिली.

सप्ताहाच्या आधी आठ दिवस देवळात बैठक झाली. दाजी खांबाला टेकून बसले होते. "आबा, देवासमोर तू टीव्ही लावतलस?"

"तोंड भिंतीकडे करतंय. देवाक दिसाचो नाय."

दाजी म्हणाले, "मशीन वाजवतला, तर पहारो कोणाचो? तुमच्या वाडीचो काय मशीनचो?"

आबांनी मशीन आणि टीव्ही सोबत आणवलेच होते. त्यांनी चाल सुरू केली, चार आवर्तनं डाव्या हाताने कळ दाबत नेली आणि पाचव्याला हात उचलून वर धरला. सूर लांबत राहिला, पुढे गेला नाही. देवळात सगळे त्या वर धरलेल्या हाताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने आबांनी हात खाली आणला आणि चाल पुढे निघाली.

"हो हात आमच्या वाडीचो," आबा म्हणाले. त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दाजी खांबापासून सरळ झाले. "बसा," म्हणाले. "पण खंड पडलो तर नियम तोच."

चौथ्या दिवशी बाराला आम्ही बसलो. बाहेर पाऊस, आत ओल्या कपड्यांचा आणि उदबत्तीचा वास. टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, म्हणून त्याचा पडदा फक्त भिंतीला टेकून बसलेल्या आबांना आणि मला दिसत होता. इन्व्हर्टरची बॅटरी माझ्या पायाशी. तात्यांनी नाम उचललं, आबांनी कळ दाबली, आणि पहिल्या आवर्तनातच मागच्या चौघांचा सूर तात्यांना येऊन मिळाला. आबांच्या कपाळावरची शीर उडत होती, पण हात समेवर बरोबर पडत होता. तात्या दमले की हात थांबायचा. तात्यांनी श्वास घेतला की पडायचा. तासभर असं चाललं आणि मला हळूहळू पटायला लागलं की हे जमणार आहे.

एक वाजता दुसरा भाग भरला. चार मिनिटं तात्यांनी नुसतं नाम ओढलं, मी फोन दोन्ही हातांनी धरून बसले, भाग चढला. आता इथपासूनचं मला नीट लिहायला हवं. दुसरा भाग सुरू झाल्यावर माझा ऊर भरून आला. मुंबईची मंडळी सकाळपासून ग्रुपवर विचारत होती, काय चाललंय, दाखवा. मी फोनची वायर काढली, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला, विमान मोड बंद केला आणि ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, आपल्या वाडीचं मशीन. धडाधड हात जोडलेले आणि अंगठे येऊन पडले. मी ते वाचत राहिले. मला फार बरं वाटत होतं. आणि विमान मोड पुन्हा लावायचा राहून गेला.

दोनला तिसरा भाग. मी वायर खोचली, आवाज सुरू केला. पडद्यावर रंगीत पट्टे धावायला लागले. एक मिनिट, दोन, तीन. तात्यांचा आवाज कोरडा पडत चालला होता, पण चार मिनिटांचा हिशेब त्यांना ठाऊक होता आणि ते त्या हिशेबाने ओढत होते. चौथं मिनिट संपायला आलं तेव्हा माझ्या हातात फोन थरथरला. मुंबईच्या मंडळाचे सेक्रेटरी. शाबासकी द्यायला केलेला फोन.

वाजणारा आवाज तिथेच तुटला. पट्टे थांबले आणि पडद्यावर चूक झाल्याची ओळ आली. मी अंगठ्याने फोन कापला, विमान मोड लावला. आबांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या उजळलेल्या फोनकडे बघितलं. मान हलवून खूण केली, परत लाव.

म्हणजे आणखी चार मिनिटं. तात्यांना कळलं, त्यांचे डोळे मोठे झाले. ते ओढत राहिले. मिनिटभराने त्यांना खोकला लागला. मागचे चौघे त्यांच्या ओळीची वाट बघत थांबले, कारण ते कायमच मागून घेणारे. पुढे होऊन नाम द्यायची त्यांना सवयच नव्हती. झांज दोनदा वाजली. मृदंगावरचा हात गोंधळून थांबला. आणि देवळात काहीच ऐकू येईना. छपरावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

दोन श्वास. फार तर दोन.

मग माझ्या शेजारून एक विचित्र, घोगरा आवाज आला. आबा गात होते. र नाही, ळ नाही, शब्द अर्धे, ओठांच्या सैल कोपऱ्यातून लाळ येत होती, आणि सूर मात्र जिथे हवा तिथेच. ज्या माणसाला पाणी मागायचीही लाज वाटत होती तो अख्ख्या देवळासमोर तोंड उघडून नाम देत होता. डावा हात कळेवर पडत होता, मशीनमधून काही येत नव्हतं तरी. मृदंगावर भानावर येऊन थाप पडली. चौघांनी मागून घेतलं. भाग भरेपर्यंत आबांनीच नाम दिलं, मग मशीन वाजायला लागलं, तात्यांनी पाणी पिऊन पुन्हा उचललं, आणि तीन वाजले.

वरच्या वाडीची माणसं पेटी घेऊन दारात आली होती. त्यांच्यापैकी कोणी ते दोन श्वास ऐकले नव्हते. दाजी तेव्हा जेवायला गेले होते, आणि कोपऱ्यात वाती वळणाऱ्या बायका आपल्या गप्पांत होत्या. वरच्या वाडीच्या पुढच्याने आमच्या नामात नाम मिसळलं. दाजी परत येऊन खांबापाशी उभे होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "अखंड?"

तात्या गप्प. मी म्हटलं, "अखंड." मोठ्याने म्हटलं. मला माझाच आवाज खणखणीत वाटला.

आबा जमिनीला हात टेकून उठत होते. त्यांना उठायला वेळ लागला. उठून दाजींसमोर जाऊन उभे राहिले. "दोन श्वासांचो खंड पडलो," ते म्हणाले. दाजींना कळलं नाही. आबांनी यावेळी मान खाली न घालता पुन्हा सांगितलं.

"कोणी ऐकल्यान?" दाजींनी विचारलं.

"मियां."

"आबा, तुका काय गरज होती?" तात्यांचा आवाज रडवेला झाला होता. मलाही तोच प्रश्न पडला होता, फक्त मला तो रागाने पडला होता. वर्षभर माझ्या संध्याकाळी घालवल्या, थुंकी सुकेपर्यंत सूर फुंकले, आणि हा माणूस कोणी न ऐकलेली गोष्ट स्वतः जाऊन सांगतो. त्या क्षणी मला आबा अगदी नकोसे झाले.

"माका ऐकाक इला, तात्या," आबा म्हणाले. "आता ता माझ्या मनात कसा बसात?"

दाजींनी आमच्या सहा म्हाताऱ्यांकडे एकेक करून बघितलं. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ते वरच्या वाडीला म्हणाले, "तुम्ही वायच पाठसून बसा." आणि आमच्याकडे वळून, "बसतलास?"

मग तात्यांनीच शिव्या पुटपुटत चटई ओढली आणि बसले. त्यांच्यामागे चौघे बसले. वरच्या वाडीने नाम आमच्या हवाली केलं आणि मागे सरकली. मी फोनमधलं सिम नखाने उचकटून कंबरेला खोचलं आणि पहिला भाग पुन्हा लावला. तीन ते सहा. भाग भरत असताना दर वेळी आबांनीच नाम दिलं, कोणी दमायची वाट न बघता. सहा वाजता दाजींनी विचारलं तेव्हा तात्यांनी उत्तर दिलं, आणि ते खरं होतं. मान आमच्या वाडीकडेच राहिला.

परतताना पाऊस थांबला होता. आबांनी मशीन टॉवेलात गुंडाळून डाव्या काखेत घेतलं होतं, माझ्याकडे देईनात. शेताच्या बांधापर्यंत मी त्यांच्या मागून चालत राहिले. मग म्हटलं, "आबा, तो फोन माझा वाजला. मी विमान मोड काढला होता."

"म्हायत आसा. माका दिसलो."

"मग दाजींना का नाही सांगितलंत?"

ते थांबले. दम लागला होता. "तेंनी खंड पडलो काय ता इचारल्यानी," म्हणाले. "कोणामुळे पडलो ता इचारूक नाय."

बांध अरुंद होता, दोघांना जोडीने चालता येत नव्हतं. ते पुढे झाले. काखेत टॉवेलाचं गाठोडं, उजवा पाय ओढत, चिखलात पायाची एक लांब रेघ उमटत गेली. त्यांना हात द्यावा असं फार वाटलं, पण त्यांचा मोकळा हात जो होता तो धरून काही उपयोग नव्हता. घराच्या वळणावर ते मागे न बघता आत गेले. नंतरही ते रोज पडवीत दिसायचे, पण मला आबा आठवतात ते हे, पाठमोरे. मार्गशीर्षात दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले.

आता वाडीत त्यांचं नाव निघालं की कोणी ना कोणी म्हणतंच, आबांचा कान सोन्याचा, पण त्या वर्षी मशीनने ऐन वेळी दगा दिला, म्हाताऱ्यांना सहा तास बसवलं. तात्याही असंच म्हणतात. मुंबईच्या ग्रुपवरही तसंच लिहिलेलं आहे. मी तिथेच बसलेली असते, चहा देत असते, आणि आजपर्यंत मी तोंड उघडलेलं नाही. आबांच्या मशीनमध्ये काही चूक नव्हती. फोन माझा होता.